नाकापासून नाट्यगृहापर्यंत

सप्टेंबर १९४४. लंडनवर जर्मनीची ‘व्ही-टू’ रॉकेटं पडायला नुकती सुरुवात झाली होती. ओल्ड व्हिक या नाटक मंडळीचं वॉटर्लू रोडवरचं हक्काचं थिएटर १९४१ च्या बॉम्बफेकीत मोडलं होतं, म्हणून मंडळी सेंट मार्टिन्स लेनवरच्या न्यू थिएटरात मुक्कामाला होती. तिथे शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड द थर्ड’चा पहिला प्रयोग झाला आणि सदतीस वर्षांचा नट लॉरेन्स ऑलिव्हिए प्रेक्षकांसमोर आला. खरं तर तो ओळखूच येत नव्हता. लांब, टोकदार नाक, पातळ ओठ, खांद्यावर रुळणारे काळे सपाट केस, पाठीला कुबड, लंगडणारा पाय. नाटकाच्या सुरुवातीला रिचर्ड एकटाच येतो आणि आपण कसे दुष्ट होणार आहोत हे प्रेक्षकांना विश्वासात घेऊन सांगतो. ऑलिव्हिएने ते स्वगत इतक्या लाघवाने सांगितलं, की सभागृहातली माणसं त्या खुन्याच्या कटात सामील झाली.

ते नाक कुठून आलं, हे त्याने पुढे सांगून ठेवलं आहे. १९३३ साली न्यू यॉर्कमध्ये जेड हॅरिस नावाच्या निर्माता-दिग्दर्शकाच्या हाताखाली त्याने काम केलं होतं आणि तो अनुभव त्याला अतिशय जाचक गेला होता. अकरा वर्षांनी त्याने त्या माणसाचा चेहरा आपल्या चेहऱ्यावर चढवला. आवाजासाठी त्याने एकोणिसाव्या शतकातल्या हेन्री अर्व्हिंग या नटाच्या नकला आठवल्या. अर्व्हिंगला त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण जुन्या नटांनी केलेल्या त्याच्या नकला ऐकल्या होत्या.

भूमिकेकडे जाण्याची त्याची वाट ही अशी होती. आधी नाक, मग चाल, मग आवाजाची पट्टी, आणि सगळ्यांत शेवटी मन. पात्राच्या मनात शिरून मग शरीराकडे येणारे नट पुष्कळ आहेत. ऑलिव्हिए उलट दिशेने यायचा. घर नीट बांधलं की राहायला माणूस येतोच, असा त्याचा विश्वास होता. नट म्हणून त्याच्यावर खूप लिहिलं गेलं. दिग्दर्शक आणि संस्थाचालक म्हणून त्याने जे केलं, ते बहुतेक वेळा वेगळ्या प्रकरणात टाकलं जातं. मला मात्र ही दोन्ही कामं एकाच सवयीची वाटतात. ज्या हातांनी त्याने रिचर्डचं नाक घडवलं, त्याच हातांनी त्याने ब्रिटनचं नॅशनल थिएटर उभं केलं.

पाद्र्याचा मुलगा

ऑलिव्हिएचा जन्म २२ मे १९०७ चा, सरे परगण्यातल्या डॉर्किंग गावचा. वडील जेरार्ड हे इंग्लंडच्या चर्चचे पाद्री. घरात शिस्त कडक आणि पैसा बेताचा. वडिलांचं प्रवचन हे मुलाचं पहिलं नाटक होतं. आवाज केव्हा खाली आणायचा, केव्हा गरजायचं, गंभीर मजकुरात हलकीशी थट्टा कुठे पेरायची, हे तो चर्चच्या बाकावर बसून शिकला. पुढे लंडनच्या मार्गारेट स्ट्रीटवरच्या ऑल सेंट्स चर्चच्या गायनशाळेत त्याला घातलं. तिथे दहाव्या वर्षी त्याने ‘ज्युलियस सीझर’मधला ब्रूटस केला. तो पाहायला त्या काळची थोर अभिनेत्री एलन टेरी आली होती. १९२० मध्ये आई गेली, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. १९२२ साली या शाळेच्या मुलांनी ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ थेट शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला नेऊन केलं. त्यातली कॅथरीना ऑलिव्हिएने केली होती.

१९२४ मध्ये तो एल्सी फोगर्टी यांच्या सेंट्रल स्कूलमध्ये दाखल झाला. प्रवेशाच्या वेळी फोगर्टीबाईंनी त्याच्या कपाळावर बोट ठेवलं, ते केसांपासून नाकाच्या मुळापर्यंत ओढत आणलं आणि इथे तुझी कमजोरी आहे असं सांगितलं. सतरा वर्षांच्या मुलाच्या हे जिव्हारी लागलं. नकली नाकांचा आपला सोस त्या बोटापासून सुरू झाला, असं तो म्हाताऱ्या वयातही सांगत असे. त्यानंतर बॅरी जॅक्सन यांच्या बर्मिंगहॅम रेपर्टरी कंपनीत त्याने उमेदवारी केली. रेपर्टरी म्हणजे एकाच संचाने एकामागून एक नाटकं बसवत राहायचं. आज राजा झालेल्याने उद्या हुजऱ्या व्हायचं. पुढे स्वतःची कंपनी उभारताना हाच नमुना त्याच्यासमोर होता.

दोन रोमिओ, एक पाऊस

१९३५ साली जॉन गिलगूडने न्यू थिएटरात ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ बसवलं. त्याने आणि ऑलिव्हिएने रोमिओ आणि मर्क्युशिओ या भूमिका आलटून पालटून करायच्या, असं ठरलं. ज्युलिएट पेगी अ‍ॅशक्रॉफ्टची, दाई इडिथ इव्हान्सची. गिलगूडच्या तोंडी शेक्सपिअरचं काव्य सुरेल वाद्यासारखं वाजायचं. ऑलिव्हिएचा रोमिओ मात्र इटलीच्या उन्हातला, रक्त तापलेला पोरगा होता. त्याला काव्य म्हणता येत नाही, असं समीक्षकांनी लिहिलं, आणि तो इतका खचला की काम सोडायच्या गोष्टी करू लागला. नाटक मात्र भरपूर चाललं. त्या हंगामात शेक्सपिअर म्हणण्याचे दोन मार्ग लंडनला एकाच नाटकात, एकाच भूमिकेत पाहायला मिळाले. पुढची कित्येक वर्षं इंग्रज नट या दोन मार्गांपैकी एक निवडत राहिले.

जानेवारी १९३७ मध्ये टायरोन गथ्रीच्या दिग्दर्शनाखाली ओल्ड व्हिकमध्ये त्याने संपूर्ण, काटछाट न केलेला ‘हॅम्लेट’ केला. तयारीसाठी दोघे फ्रॉइडचे शिष्य अर्नेस्ट जोन्स यांना भेटून आले. त्या उन्हाळ्यात हे नाटक डेन्मार्कला एल्सिनोरच्या किल्ल्यात गेलं. ऑफिलिया होती दार्जिलिंगला जन्मलेली व्हिव्हियन ली. पुढे तिचं आणि ऑलिव्हिएचं लग्न झालं. शुभारंभाच्या संध्याकाळी पावसाची झड लागली. किल्ल्याच्या उघड्या चौकातला प्रयोग अशक्य झाला. राजघराण्यातली मंडळी, परदेशी पत्रकार, सगळे जमलेले. शेवटी हॉटेलच्या नाचघरात खुर्च्या मांडून प्रयोग करायचं ठरलं. कोणी कुठून यायचं, कुठून जायचं, भूत कुठल्या दारातून निघणार, ही सगळी घाईची आखणी गथ्रीने ऑलिव्हिएवर सोपवली.

प्रेक्षक तिन्ही बाजूंनी आणि नट त्यांच्यामध्ये, अशी ती रचना झाली. चौकटीच्या रंगमंचाला पर्याय आहे, हा गथ्रीचा विचार त्या रात्री पक्का झाला. त्यातूनच १९५३ साली कॅनडातल्या स्ट्रॅटफर्डला पुढे आलेला रंगमंच उभा राहिला. त्याची हकिगत ऐकून इंग्लंडच्या चिचेस्टर गावात लेस्ली एव्हरशेड-मार्टिन या चष्म्याच्या व्यावसायिकाने तसंच नाट्यगृह बांधायचं मनावर घेतलं, आणि १९६२ मध्ये त्याचा पहिला संचालक म्हणून बोलावलं ऑलिव्हिएला.

राजा आणि विदूषक

युद्धात ऑलिव्हिए आणि राल्फ रिचर्डसन दोघेही नौदलाच्या हवाई शाखेत होते. १९४४ साली ओल्ड व्हिक पुन्हा उभी करण्यासाठी त्यांना सेवेतून मोकळं करण्यात आलं. जॉन बरेल हा तिसरा साथीदार. ‘पीअर गिंट’मध्ये रिचर्डसन नायक, तर ऑलिव्हिए शेवटी येणारा बटणं ओतणारा कारागीर, म्हणजे अगदी लहान भूमिका. शॉच्या ‘आर्म्स अँड द मॅन’मध्ये त्याला सर्जियस हे पोकळ बढाईखोर पात्र मिळालं, आणि त्याला ते मनापासून नावडलं. मँचेस्टरच्या प्रयोगानंतर गथ्रीने त्याला सांगितलं, की सर्जियसवर प्रेम करता येत नसेल तर ती भूमिका तुला कधीच जमणार नाही. बाहेरून आत जाणाऱ्या या नटाला आपल्या वाटेवरची उणी पायरी त्या दिवशी कळली. हातांनी घडवलेल्या गोष्टीवर माया जडल्याशिवाय ती जिवंत होत नाही. त्यानंतरचीच भूमिका होती रिचर्ड. त्या कुबड्या खुन्यावरचं त्याचं प्रेम प्रेक्षकांपर्यंत पोचलं, याचं मूळ मला मँचेस्टरच्या त्या बोलण्यात दिसतं.

ऑक्टोबर १९४५ मध्ये त्याने एकाच रात्री दोन नाटकं केली. आधी सोफोक्लिसचा ‘इडिपस’ आणि मध्यंतरानंतर शेरिडनच्या ‘द क्रिटिक’मधला वटवट्या मिस्टर पफ. डोळे फोडून घेतलेला राजा आणि तासाभरात हवेत उडणारा विदूषक. इडिपसला सत्य कळतं तेव्हाचा आक्रोश ऐकलेली माणसं पुढे वर्षानुवर्षं त्याबद्दल लिहीत राहिली. त्या आवाजासाठी ऑलिव्हिएने एका प्राण्याची यातना डोळ्यांपुढे ठेवली होती. बर्फावर टाकलेलं मीठ चाटायला आलेल्या अर्मिनची जीभ तिथेच गोठून चिकटते आणि शिकाऱ्याच्या हाती तो सापडतो, असं त्याने वाचलं होतं. इडिपसचं दुःख त्याने तत्त्वज्ञानात शोधलं नाही, अडकलेल्या जिभेत शोधलं.

याच सुमारास गिलगूडने त्याला एक तलवार भेट दिली. जुन्या काळच्या एडमंड कीन या नटाने ‘रिचर्ड द थर्ड’मध्ये वापरलेली ती तलवार अर्व्हिंगकडून टेरी घराण्यात आणि तिथून गिलगूडकडे आली होती. ज्याच्या काव्यवाचनापुढे आपण दहा वर्षांपूर्वी उणे ठरलो, त्याच्याच हातून ही पावती मिळाली, यात गिलगूडचं मोठेपण ऑलिव्हिएच्या यशाइतकंच लखलखीत आहे.

१९४७ मध्ये ‘सर’ किताब आला. १९४८ मध्ये ऑलिव्हिए, व्हिव्हियन ली आणि ओल्ड व्हिकची मंडळी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या लांब दौऱ्यावर गेली. प्रयोग तुडुंब चालले होते. दौरा चालू असतानाच ओल्ड व्हिकच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड ईशर यांचं पत्र आलं. तिन्ही संचालकांचे करार पुढे चालू ठेवले जाणार नव्हते. ज्यांनी मोडलेली संस्था उभी केली, त्यांना संस्थेने टपालाने निरोप दिला. कलावंत आणि व्यवस्थापक मंडळ यांच्यातली ही जखम ऑलिव्हिए विसरला नाही, आणि ती पुन्हा एकदा त्याच्या वाट्याला यायची होती.

आर्ची राइस

पन्नाशी जवळ आली तेव्हा ऑलिव्हिएकडे सगळं होतं. ‘हॅम्लेट’ चित्रपटाची ऑस्कर पारितोषिकं होती. १९५५ मधला, इंग्लंडच्या स्ट्रॅटफर्डला केलेला मॅकबेथ होता. पीटर ब्रूकने बसवलेला ‘टायटस अँड्रॉनिकस’ही होता, त्यात व्हिव्हियन लीच्या लॅव्हिनियाचं रक्त लाल फितींनी दाखवलं होतं. याच वेळी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात जॉन ऑस्बोर्नचं ‘लुक बॅक इन अँगर’ आलं आणि अशा सरदारी थाटाच्या रंगभूमीला तरुणांनी पाठ दाखवली. ऑलिव्हिएला ते नाटक पहिल्यांदा आवडलं नाही. अमेरिकन नाटककार आर्थर मिलर लंडनला आला होता, त्याच्याबरोबर तो पुन्हा गेला. मिलरला त्यात काय दिसतं आहे हे पाहिल्यावर त्याचं मत फिरलं. त्याने ऑस्बोर्नकडे आपल्यासाठी नाटक मागितलं.

एप्रिल १९५७ मध्ये ‘द एंटरटेनर’ आलं. आर्ची राइस हा म्युझिक हॉलचा पडेल विनोदवीर. रंगमंच मोडकळीला आलेला, विनोद शिळे, घरात कलह, आणि पार्श्वभूमीला सुएझच्या नामुष्कीतून जाणारा देश. देशातला सगळ्यांत नावाजलेला नट देशातल्या सगळ्यांत सुमार नटाची भूमिका करत होता. वाईट नाचणं, वाईट गाणं, पडलेला विनोद ओढून नेणं हे सगळं उत्तम वठवायला तंत्रावर केवढी हुकमत लागते! मला त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. तो तेव्हा आपल्या यशावर बसून राहिला असता तर पुढे नॅशनलमध्ये नव्या लेखकांना जागा देणारा संचालक आपल्याला दिसला नसता.

खोपटांतलं राष्ट्रीय थिएटर

ब्रिटनला राष्ट्रीय नाट्यगृह हवं, ही मागणी १८४८ पासूनची. १९४९ मध्ये संसदेने कायदा करून दहा लाख पौंडांपर्यंत खर्चाला मान्यता दिली. १९५१ मध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर कोनशिलाही बसली. नंतर वर्षं गेली तरी कोनशिलेवर वीट चढली नाही. १९६२ मध्ये ऑलिव्हिएला संचालक नेमलं, तेव्हा इमारत नव्हतीच. ओल्ड व्हिकचं जुनं थिएटर प्रयोगांसाठी मिळालं, आणि कचेरी थाटली जवळच्या अ‍क्विनास स्ट्रीटवरच्या तात्पुरत्या खोपटांत. तालमीही तिथेच. पावसाळी दिवसांत छपराच्या आवाजात देशाचं राष्ट्रीय थिएटर आकार घेत होतं.

चिचेस्टरच्या पहिल्या हंगामात त्याने तीन नाटकं बसवली. त्यांपैकी ‘द ब्रोकन हार्ट’वर समीक्षक केनेथ टायनन तुटून पडला. त्याने ऑलिव्हिएच्या नावे खुलं पत्रच लिहिलं. थोड्याच दिवसांत त्याच टायननने नॅशनलचा साहित्यविषयक सल्लागार होण्याची इच्छा कळवली. ऑलिव्हिए संतापला, पण व्हिव्हियन लीनंतरची त्याची पत्नी जोन प्लोराइट हिने त्याला समजावलं, की तरुणांचा विश्वास मिळवायला हा माणूस उपयोगी पडेल. टायननला त्याने घेतलं. त्याच्याबरोबर रॉयल कोर्टचे जॉन डेक्स्टर आणि विल्यम गॅस्किल हे दोन दिग्दर्शकही घेतले. आपल्याहून वयाने लहान, आपल्याशी भांडू शकणारी माणसं त्याने मुद्दाम जवळ केली.

२२ ऑक्टोबर १९६३ रोजी ‘हॅम्लेट’ने नॅशनलचा पडदा वर गेला. दिग्दर्शन ऑलिव्हिएचं, हॅम्लेट पीटर ओ’टूल. पुढच्या दहा वर्षांत या कंपनीने शेक्सपिअर, चेकॉव्ह, स्ट्रिंडबर्ग, ब्रेख्त, शॉन ओ’केसी केले. पीटर शॅफरचं ‘द रॉयल हंट ऑफ द सन’ केलं. टॉम स्टॉपर्ड या जवळजवळ अनोळखी तरुणाचं ‘रोझेनक्रांट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड’ १९६७ मध्ये केलं. मॅगी स्मिथ, डेरेक जेकोबी, रॉबर्ट स्टीफन्स, कॉलिन ब्लेकली, मायकल गॅम्बन ही त्या कंपनीतली नावं. १९६७ मध्ये ‘द डान्स ऑफ डेथ’ चालू असताना ऑलिव्हिए अपेंडिक्सने आजारी पडला आणि त्याची भूमिका करायला उभा राहिला एक बदली नट. त्याचं नाव अँथनी हॉपकिन्स.

ऑथेल्लो, आणि आजचा आक्षेप

एप्रिल १९६४ मध्ये, शेक्सपिअरच्या चारशेव्या जयंतीच्या वेळी, ‘ऑथेल्लो’ आलं. ऑलिव्हिएने महिनोन्‌महिने व्यायाम केला आणि आवाज कमावून खालच्या सप्तकात नेला. तो अनवाणी, हातातला लाल गुलाब हुंगत प्रवेश करायचा. तिकिटांसाठी लोक रात्रभर रांगा लावायचे.

१९६५ मध्ये चित्रित झालेला हा प्रयोग आज पाहताना मन दुभंगतं. सर्वांगाला काळा रंग फासून, उच्चार आणि चाल उसनी घेऊन गोऱ्या नटाने उभा केलेला हा काळा माणूस आहे. अमेरिकेत तो चित्रपट लागला तेव्हाच तिथल्या समीक्षकांना ते रूप गोऱ्यांनी काळ्यांची टवाळी करायच्या जुन्या तमाशांची आठवण देणारं वाटलं होतं. ‘तेव्हाचा काळच तसा होता’ असं म्हणून मला हे सोडून देता येत नाही. बाहेरून आत जाण्याच्या त्याच्या पद्धतीची मर्यादा इथे उघडी पडते. नाक चिकटवता येतं. एका समाजाचा इतिहास रंगासारखा अंगाला लावता येत नाही. या भूमिकेतली मेहनत अफाट होती, आणि तिच्या मुळाशी असलेली चूकही तेवढीच खरी होती.

भय

कीर्तीच्या या शिखरावर असताना एक गोष्ट घडत होती, जी प्रेक्षकांना ठाऊक नव्हती. १९६४ च्या अखेरीला इब्सेनच्या ‘द मास्टर बिल्डर’मध्ये मायकल रेडग्रेव्हच्या जागी ऑलिव्हिए उभा राहिला. संचालकाच्या कामाने थकलेला होता. प्रयोगात त्याचा गळा आवळला, वाक्यं हातून निसटू लागली, समोरचं सभागृह गरगरायला लागलं. चाळीस वर्षं रंगमंचावर वावरलेल्या नटाला रंगमंचाची भीती बसली, आणि ती पाच वर्षांहून अधिक काळ मुक्कामाला राहिली.

‘ऑथेल्लो’त एकट्याने स्वगत म्हणायची वेळ आली की तो इयागो झालेल्या फ्रँक फिनलेला विंगेत, आपल्याला दिसेल असं उभं राहायला सांगायचा. १९७० मध्ये शायलॉक करताना त्याने सहकलाकारांना विनवलं होतं, की माझ्या डोळ्यांत थेट पाहू नका. १९८२ साली आत्मचरित्रात त्याने हे सगळं स्वतः लिहिलं.

तो थांबला का नाही? नुसता नट असता तर बहुधा थांबला असता. पण तो कंपनीचा संचालक होता. त्याच्या नावावर थिएटर भरत होतं आणि त्या भरण्यावर नव्या नाटकांचा धोका पेलला जात होता. आतलं सगळं ढासळलेलं असताना बाहेरची चौकट त्याला धरून होती. वेळेवर रंगपटात यायचं, चेहरा रंगवायचा, घंटा झाली की जायचं. १९६७ मध्ये प्रोस्टेटचा कर्करोग झाला, तेव्हा तो चेकॉव्हचं ‘थ्री सिस्टर्स’ बसवत होता. ते नाटक वेळेवर आलं, आणि ते त्याच्या उत्तम दिग्दर्शनांपैकी एक ठरलं.

शेवटची पाळी

१९७१ मध्ये नॅशनल आर्थिक अडचणीत होतं. मायकल ब्लेकमोरने यूजीन ओ’नीलचं ‘लाँग डेज जर्नी इनटू नाइट’ बसवलं. एका हमखास कमाईच्या भूमिकेत आयुष्य घालवून आपली प्रतिभा वाया घालवलेला जुना नट जेम्स टायरोन ऑलिव्हिएने केला. विजेची काटकसर म्हणून टेबलावर चढून दिवा काढणारा आणि मग न पाहता मागच्या मागे उतरणारा टायरोन पाहणाऱ्यांच्या लक्षात राहिला. वय चौसष्ट, अंगात आजार, आणि उतरताना पायाचा अंदाज अचूक.

पुढच्याच वर्षी नॅशनलच्या व्यवस्थापक मंडळाने दिग्दर्शक पीटर हॉलशी बोलणी केली आणि तो उत्तराधिकारी असल्याचं ऑलिव्हिएला नंतर कळवलं. १९४८ चा प्रकार पुन्हा घडला. तो दुखावला, पण अर्धवट सोडून गेला नाही.

डिसेंबर १९७३ मध्ये ट्रेव्हर ग्रिफिथ्सच्या ‘द पार्टी’त त्याने ग्लासगोचा जुना ट्रॉट्स्कीवादी जॉन टॅग केला. या भूमिकेत सुमारे वीस मिनिटांचं सलग भाषण आहे. ज्याला काही वर्षांपूर्वी एकट्याने चार ओळी म्हणताना विंगेत सोबत लागत होती, त्याने महिनोन्‌महिने पाठांतर करून ते भाषण रात्रीमागून रात्र पेललं. मार्च १९७४ मध्ये त्याचा शेवटचा प्रयोग झाला. त्यानंतर रंगमंचावर त्याने भूमिका केली नाही.

डेनिस लॅसडन यांनी आखलेली काँक्रीटची इमारत १९७६ मध्ये खुली झाली. तिच्यातल्या सर्वांत मोठ्या, एपिडॉरसच्या ग्रीक रंगमंचावरून सुचलेल्या नाट्यगृहाला ऑलिव्हिएचं नाव दिलं. २५ ऑक्टोबर १९७६ रोजी राणीच्या हस्ते उद्घाटन झालं, तेव्हा त्याने तिथून स्वागताचे शब्द म्हटले. त्या रंगमंचावर त्याने एकही नाटक केलं नाही. शेजारच्या सभागृहाचं नाव लिटल्टन. हेच आडनाव असलेल्या, नॅशनलच्या मंडळाच्या अध्यक्षांशी, लॉर्ड चांडोस यांच्याशी, होखहुथच्या ‘सोल्जर्स’ या नाटकावरून त्याचा आणि टायननचा कडाक्याचा वाद झाला होता. ११ जुलै १९८९ रोजी ऑलिव्हिए गेला.

त्याचा रंगमंच ज्याला पाहायचा आहे, त्याने चित्रपटातला हॅम्लेट नंतर पाहावा. आधी १९६३ मध्ये स्टुअर्ट बर्जने चित्रित केलेलं चिचेस्टरचं ‘अंकल वान्या’ शोधावं. एल्सिनोरच्या पावसात सुचलेल्या त्या उघड्या रंगमंचावर मायकल रेडग्रेव्ह, जोन प्लोराइट, सिबिल थॉर्नडाइक आहेत. दिग्दर्शक ऑलिव्हिए आहे आणि तो स्वतः डॉक्टर अस्त्रॉव्हही आहे. नाटकाचा प्राण रेडग्रेव्हचा वान्या आहे, आणि ऑलिव्हिएने ते होऊ दिलं आहे. आपल्या वाट्याच्या वाक्यांत तो पूर्ण ताकदीने उभा राहतो आणि ती संपली की दुसऱ्याला जागा देतो. स्पर्धा आणि मत्सर त्याच्या स्वभावात भरपूर होते. त्याचे सहकारीही ते सांगतात. तरीही कंपनी बांधायची तर सर्वांत मोठ्या नटाने आधी बाजूला सरकायला शिकलं पाहिजे, हे त्याने स्वतःला शिकवलं, अगदी नाक चिकटवायला शिकावं तितक्या चिकाटीने. मोठे नट प्रत्येक पिढीत होतात. आपलं मोठेपण इतरांना उभं राहायला जमीन म्हणून देणारे फार थोडे, आणि त्या थोड्यांमध्ये मी ऑलिव्हिएला सर्वांत वर ठेवतो.